शनिवारची काडेपेटी

“कुटं फिरतो? काय खातो? कुणासंगं निजतो?”

माझ्या दवाखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला आधी हे तीन प्रश्न ऐकावे लागत. विचारणारे गृहस्थ दाराशीच स्टुलावर बसलेले असत. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, एक काडी तुटली म्हणून दोऱ्याने कानामागे बांधलेला चष्मा, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं, आपण चुकून पोलीस चौकीत शिरलो. हिंजवडीत नोकरी करणारा, नुकतंच लग्न झालेला एक मुलगा हे ऐकून असा काही गोरामोरा झाला की विचारू नका. शेवटी त्याच्या बायकोनेच ओढणीत गुंडाळलेलं पिल्लू पुढे केलं आणि म्हणाली, “अरे, ह्याच्याबद्दल विचारतायत ते!”

ते आमचे गेनूनाना. मी ‘आमचे’ म्हणते, पण नात्याने ते माझे कुणी नव्हते. कुत्र्यामांजरांच्या त्या एवढ्याशा दवाखान्यात ते सहा वर्षं माझे मदतनीस होते, आणि त्या सहा वर्षांत मी त्यांच्याकडून जे शिकले ते परभणीच्या कॉलेजात शिकले नव्हते. हे त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. आता कुणाला सांगू?

मी मारुंजीत गाळा घेतला तेव्हा दोन हजार दोन साल चालू होतं. भाताच्या खाचरांतून इमारतींचे सांगाडे वर येत होते आणि कंपन्यांच्या गाड्या दिवसभर धुरळा उडवत जात होत्या. नवरा हिंजवडीत कामाला, म्हणून मी इकडे आलेली. ‘कुत्र्याला वेगळा डॉक्टर?’ म्हणून गावातल्या बाया दारात येऊन तोंडाला पदर लावून हसून जायच्या. पहिला महिनाभर मी माशा मारत बसले होते. अशात एक दिवस हे गृहस्थ आत आले. नमस्कार नाही, नावगाव नाही, सरळ कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं.

“ती दुर्बीण चालू हाय का?”

“सूक्ष्मदर्शक आहे तो. चालू आहे.”

“जंतांची आंडी दिसत्यात का त्यात?”

“दिसतात की.”

“मग मला हितं कामाला ठेवा. काय बी सांगा. झाडू मारीन, कुत्री धरीन. शनवारी अर्धा तास त्या दुर्बिणीत बगू द्या, बास.”

चौकशी केली तेव्हा कळलं की हा माणूस साधासुधा नव्हे. तीस-बत्तीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून काढलेली. व्रणोपचारक म्हणजे कागदावर जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. प्रत्यक्षात बैल आडवा पाडण्यापासून अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढण्यापर्यंत सगळं तोच करतो, आणि डॉक्टर रजेवर गेला की अर्धा डॉक्टरही तोच असतो. अठ्ठ्याण्णवला निवृत्त झाले होते. मूळचे ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतले, पण नोकरीमुळे मारुंजीतच दोन खोल्या बांधून राहिलेले. एकटेच. म्हणजे ते आणि एक कुत्रं.

दुसऱ्याच दिवसापासून दवाखाना त्यांचा झाला. मी नुसती डॉक्टर. आलेल्या प्रत्येकाला त्यांचं फर्मान सुटे, “उद्या येताना काडेपेटीत ह्याची शी आना.” हिंजवडीतली ती शिकलेली माणसं, त्यांना हे ऐकूनच शिसारी यायची. कुणी कागदाच्या पाकिटात आणायचं, कुणी औषधाच्या बाटलीत. एका पठ्ठ्याने तर स्टीलच्या डब्यात आणली. नानांनी झाकण उघडून त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “ह्यात उद्या भाजी घेऊन कामावर जानार का तुमी?” त्या बिचाऱ्याने डबा तिथेच टाकून दिला. पुढे कितीतरी दिवस नाना त्यात सुटे खिळे ठेवत होते.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून थोडी बाहेर यायची आणि काम संपेपर्यंत तशीच राहायची. मग ती आत जायची आणि निकाल लागायचा. “भाडेकरू हायेत.” जंतांना ते कायम भाडेकरू म्हणत. मारुंजीत तेव्हा ज्याच्या-त्याच्या घरावर मजले चढत होते आणि खोल्या भाड्याने जात होत्या, त्यामुळे लोकांना हे चटकन समजायचं. “गोल जंत हायेत, पिल्लाला आईकडनंच आल्यात.” “बारीक हायेत, रगत पित्यात. ह्याचं हिरडं बगा, कसं पांढरंफटक पडलंय.” “चपटं हायेत. पिसवा मारल्याबिगर जायाचं न्हाईत.” मी पुस्तकातली लांबलचक नावं सांगेपर्यंत मालकाला सगळं कळून चुकलेलं असायचं.

आणि हात धुणं! तांबड्या साबणाने कोपरापर्यंत, मनातल्या मनात मारुतीचं नाव घेत, अकरा वेळा. त्यांचं होईपर्यंत नळाला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा घाईत नुसतं पाणी लावून चहाचा कप उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मी डॉक्टर, ते मदतनीस. पण त्या क्षणी मला आईने कान धरल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी एक वाजता गिऱ्हाईक संपलं की ते आपल्या खिशातून एक काडेपेटी काढत. ती त्यांची स्वतःची. काच तयार करत, खिडकीशी सूक्ष्मदर्शक सरकवत आणि अर्धा तास बघत बसत. मग काच धुऊन ठेवत. पहिले दोन शनिवार मी विचारलं नाही. तिसऱ्याला राहवेना.

“नाना, हे कुणाचं?”

“पावण्याचं.”

“पावण्या कोण?”

“आमचं कुत्रं. हौसाचं म्हना.”

हौसा म्हणजे त्यांची बायको. मी येण्याच्या दीड-दोन वर्षं आधी ती गेली होती. डोळा सूक्ष्मदर्शकावरून न काढता त्यांनी मला सगळं सांगितलं. मला वाटतं, डोळा तिथे होता म्हणूनच सांगू शकले.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एक पिल्लू आपण होऊन त्यांच्या पडवीत येऊन बसलं. हौसाबाई म्हणाल्या, पावणा आलाय, हाकलू नका. तेच नाव पडलं. त्याआधी त्यांच्या घरात कुत्रं नव्हतं. मूल नव्हतं, त्यामुळे त्या पिल्लाचे लाड काय विचारता! ते त्यांच्या अंथरुणात झोपायचं. भाकरीचा पहिला तुकडा त्याला.

“मटनवाला शंकर माज्यासाठी फोपसं बाजूला ठिवायचा,” नाना सांगत होते. “सरकारी दवाखान्यातला मानूस म्हनून मान. त्यात पान्याच्या पिशव्या आसायच्या बगा, लिंबायेवढ्या. मानसं तसलं खात न्हाईत. आमचं साहेब म्हनायचं, नाना, पिशव्यावालं फोपसं पुरून टाका, कुत्र्याला घालू नका. मी व्हय म्हनायचो. आन् मनात म्हनायचो, येवढं चांगलं खानं मातीत कशापायी घालायचं? घरी न्यायचो. हौसा दारातच विचारायची, पावण्याला काय आनलं?”

पुढचं मला त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. फुफ्फुसातल्या त्या पाण्याच्या पिशव्या म्हणजे एका बारीक जंताचं बिऱ्हाड. कुत्र्याने खाल्ल्या की ते जंत त्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हाताने माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात तशीच पाण्याची गाठ वाढत राहते, वर्षानुवर्षं, काही न बोलता.

हौसाबाईंना उजव्या कुशीत जड वाटायचं. गॅस असेल म्हणून ओवा खाऊन गप्प बसायच्या. एक दिवस शेताच्या बांधावरून पाय घसरला, पोटावर पडल्या, आणि गाठ आतल्या आत फुटली. अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

“डाक्टर तरणा होता. चांगला होता,” नाना म्हणाले. “त्यानं कागदावर चित्र काडून दावलं मला. मग विचारलं, बाबा, घरात कुत्रं आहे का? मी म्हनलं, हाय. कुटं फिरतं? काय खातं? कुणासंगं निजतं?”

बाहेर एक टेम्पो बराच वेळ मागे-पुढे करत होता. मग त्यांनी डोळा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाले, “मला येकच बगायचंय, ताई. तिला त्ये पावण्याकडनं गेलं का न्हाई. म्हंजी माज्या हातनं गेलं का न्हाई.”

मी तेव्हा तरुण होते, आणि खरं बोलणं म्हणजे सगळं बोलून टाकणं असं मला वाटायचं. मी त्यांना सांगितलं की ह्या जंताची अंडी आणि साध्या चपट्या जंतांची अंडी दिसायला सारखीच असतात. दिसली तरी ओळखता येणार नाहीत. नाही दिसली तरी नव्हती असं होत नाही. शिवाय कुत्र्याची घाण कुठल्याही रानात पडते, न धुतलेल्या मेथीच्या जुडीवरूनही अंडी पोटात जातात, आणि ते कुत्रं कुणाचंही असू शकतं. “नाना, हे कुणालाच कधी सांगता येणार नाही.”

“तरी बगतो,” ते म्हणाले आणि काच धुवायला उठले.

माझ्या लक्षात आलं की अजून एक गोष्ट विचारायची राहिली. “पावण्याला जंतांची गोळी दिलीत ना?”

ते काच घासत राहिले.

“नाना?”

“गोळी दिली की समदं धुऊन जाईल. मग बगू काय?”

अहो, माझं डोकंच फिरलं! हाच माणूस दिवसभर लोकांना गोळ्यांवरून धारेवर धरतो आणि ह्याच्या घरचं कुत्रं दोन वर्षं तसंच! मी चांगलीच बोलले. तुमच्या गल्लीत पोरं खेळतात, तुम्ही स्वतः त्याच्याजवळ असता, तुम्हाला पुरावा हवाय म्हणून दुसऱ्या कुणाच्या पोटात गाठ झाली तर? ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, उद्यापासून येणार नाहीत. आले. पण गोळीचं नाव काढेनात.

पुढच्या आठवड्यात बुधवारी, भर गर्दीत, ते बाहेरून घाईघाईने आत आले आणि कपाटातून चपट्या जंतांची गोळी काढून खिशात घातली.

“कुणाला?” मी विचारलं.

“पावण्याला. शेजारची चिमी आज त्याच्या गळ्यात पडली हुती. तोंड पार केसात खुपसून. चार वर्साची हाय.” मग दारात थांबून म्हणाले, “आता कळायचं न्हाई. जाऊ द्या.”

त्यांना जाणून घ्यायची जी एकच गोष्ट होती, ती त्यांनी एका शेजारच्या पोरीसाठी आपल्या हाताने पुसून टाकली. मी समोरच्या मांजराला इंजेक्शन देत होते. सुई बाजूला ठेवली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी ते न चुकता गोळी देत, आणि तरीही दर शनिवारी काडेपेटी आणत. सापडणार काही नव्हतं. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

नानांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही पटत नसे, हा त्यांचा मोठा गुण आणि थोडा तापही. एका मोठ्या सोसायटीतल्या मॅडमचा ब्रूनो नावाचा लॅब्राडोर होता. पोट बिघडलेलं, वजन उतरलेलं. मॅडम ठासून सांगत, “तो फक्त पाकिटातलं खातो. सोसायटीबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही.” नानांनी काच पाहिली, चपटे जंत आणि रक्त पिणारे जंत दोन्ही निघाले. मॅडमना वाटलं, काडेपेट्यांची अदलाबदल झाली असणार. नानांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सोसायटीच्या फाटकासमोर जाऊन बसले. नऊला मॅडमना फोन लावायला मला लावलं आणि स्वतः बोलले.

“बाई, तुमचं ब्रूनोसाहेब रोज सकाळी नाष्ट्याला भाईर जात्यात. वॉचमन तेन्ला शंकरच्या दुकानामागं मोकळं सोडतो आन् आपन च्या प्यायला जातो. आज साहेबांनी आतडं खाल्लं. मी सोता बगितलं.”

मॅडम वॉचमनला काढायला निघाल्या. तर नाना त्याच वॉचमनची रदबदली करायला गेले. “त्येला कुणी सांगितलंच न्हाई तर त्येला काय ठावं? मला तर सांगितलं हुतं.” हे शेवटचं वाक्य मॅडमना कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या एका सोसायटीत मुलांना खेळायला वाळूचा हौद केला होता. रात्री भटकी कुत्री तिथे येऊन घाण करून जात, सकाळी पोरं त्याच वाळूत किल्ले बांधत. नानांनी चेअरमनला तीनदा जाऊन सांगितलं, हौद झाका. चेअरमन म्हणाले, मीटिंगमध्ये घेऊ. चौथ्या दिवशी सकाळी हौद बाभळीच्या काट्यांनी भरलेला! चेअरमन रागाने लालबुंद होऊन दवाखान्यात आले. “काही अक्कल आहे का? पोरांना काटे लागले असते!”

“लागलं आस्तं,” नाना म्हणाले. “काटा दिसतो, साहेब. उपटून काडता येतो. तुमी ताडपत्री घाला, मी काटं काडतो.”

संध्याकाळपर्यंत ताडपत्री आली. पुढे त्याच चेअरमनने मला सांगितलं की त्यांचा नातू रोज आधी ताडपत्री लावलीय का बघतो, मगच घरात जातो.

पण त्यांची खरी लढाई शंकरच्या दुकानाशी होती. दर रविवारी बादली घेऊन ते तिथे उभे राहत आणि पाण्याच्या पिशव्या असलेली फोपसं-काळजं गोळा करत. मग आपल्या परसात कमरेएवढा खड्डा खणून, चुना टाकून पुरत. गिऱ्हाइकं हसायची. शंकर म्हणायचा, “नाना, पयलं घरला न्यायचा, आता पुरायला न्येताय. कुत्र्यानं तुमचं काय घोडं मारलंय?” नाना बादली उचलून चालू लागत. शंकरला हौसाबाईंच्या गाठीचं माहीत होतं, पण त्या गाठीचा आपल्या दुकानाशी संबंध आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नानांनी ते मुद्दामच सांगितलं नव्हतं. “त्यानं काय केलं? मान राखला माजा. त्येच्या डोस्क्यावर कशाला घालू?”

मग मारुंजी भरत गेली. शेजारची खाचरं गेली, त्यांच्या परसाला लागून सहा मजली इमारत आली आणि खड्ड्याच्या वासावरून भांडणं होऊ लागली. पुरायला जागाच उरली नाही. एका रविवारी नाना भरलेली बादली घेऊन दवाखान्यात आले आणि पायरीवर बसून राहिले. त्यांना एवढं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “नाना, पुरायलाच कशाला हवं? अर्धा-पाऊण तास खळाखळा उकळलं की मेलं सगळं. मग खुशाल कुत्र्यांना घाला.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. हे चार वर्षांपूर्वी का नाही सुचलं मला?

त्याच दिवशी त्यांनी शंकरला पातेलं घ्यायला लावलं. शंकर कुरकुरला, पण उकळलेल्या फोपशांवर गल्लीतली कुत्री अशी काही तुटून पडली की त्यालाच मजा वाटू लागली. पुढे तो पातेल्याजवळ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नानांच्या आवाजात सांगायचा, “कच्चं न्हाई घालायचं! भाडेकरू घुसत्यात!” नाना लांबून ऐकत आणि टोपी नीट करत.

हौसाबाईंबद्दल ते स्वतःहून क्वचित बोलत. पण चार वाजले की त्यांचं कशात लक्ष लागत नसे. कितीही गर्दी असो, चाराला निघायचेच. मला वाटायचं, म्हातारा माणूस, दमत असेल. एकदा औषधांची किल्ली त्यांच्या खिशात गेली म्हणून मी मागोमाग त्यांच्या घरी गेले. पडवीत पावण्या बसला होता, तोंड बांधाकडच्या वाटेला. त्याच्यापासून दोन हात अंतरावर नाना बसले होते. तेही त्याच वाटेकडे बघत. ती वाट आता कुठेच जात नव्हती. मधेच इमारतीची भिंत आली होती.

“ह्या टायमाला यायची ती शेतावनं,” नाना म्हणाले. “ह्यो आजून बसतुया. येकटा बसतो म्हनून मीबी बसतो.”

मी किल्ली न घेताच परत आले. रस्त्यात रडले. माझी आई तिकडे परभणीला होती, तिला फोन करून उगाच तासभर काहीबाही बोलत राहिले.

पावण्या दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गेला. चौदा वर्षांचा झाला असेल. खाणं सुटलं आणि तीन दिवसांत गेला. सकाळी मी शटर उघडत होते, तेव्हा नाना त्याला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून घेऊन आले. टेबलावर ठेवला. हातमोजे चढवले, एक जोडी माझ्यापुढे केली.

“खोला, ताई. बगू या.”

मी म्हटलं, “नाना, कशाला? तुम्हाला माहितीये काय दिसणार ते. एवढी वर्षं गोळी चालू होती.”

“म्हाईत हाय. तरी खोला. माजा हात चालंना, न्हाईतर मीच खोललं आस्तं.”

मी खोललं. आतडं सबंध बाहेर काढलं, उभं चिरलं, पाण्यात सोडलं. नाना भिंग घेऊन वाकले. वीतभर आतडं, मग पुढची वीत. मधे गिऱ्हाईक आलं, मी त्याला परत पाठवलं. त्यांच्या मानेवरून घाम टेबलावर पडत होता. दोन तासांनी ते सरळ झाले.

“साफ हाय,” ते म्हणाले. आणि लगेच, मी न विचारता, “आता न्हाई म्हंजी तवा नव्हतं आसं न्हाई ना, ताई?”

ह्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि मी ते सहा वर्षांपूर्वी देऊन टाकलेलं होतं. समोर चष्मा घामाने ओघळलेला तो माणूस उभा होता. आठ वर्षं तो स्वतःच्याच दारात आरोपी होऊन बसला होता. मला ते सहन झालं नाही.

“नव्हतं,” मी म्हटलं. “तेव्हाही नव्हतं.”

“कशावरनं?”

“त्या जंताची मुंडी जिथे रुतते ना आतड्यात, तिथे डाग राहतो. जंत गेले तरी डाग जात नाही. जन्मभर राहतो. पावण्याला एकही डाग नाही. हौसाबाईंना दुसरीकडून कुठून तरी गेलं, नाना. तुमच्या हातून नाही.”

असला डाग नसतो. कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही कुत्र्यात नाही. मी टेबलाशी उभी राहून तो तिथल्या तिथे बनवला. आणि सांगितला कुणाला, तर ज्या माणसाने बत्तीस वर्षं जनावरांची आतडी हाताळली त्याला.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. कशी काढली नाही ते मला आजही सांगता येत नाही.

“आसं व्हय?” ते म्हणाले.

“व्हय,” मी म्हटलं.

मग त्यांनी सुई-दोरा मागितला आणि पावण्याचं पोट शिवलं. मी आजवर पाहिलेले सगळ्यांत सुबक टाके होते ते. त्याला पुन्हा धडप्यात गुंडाळलं, उचलला आणि पायरी उतरले. ताम्हिणीकडच्या वाडीला जाणारा एक टेम्पो बाहेर उभा होता. त्याला तिथे, आपल्या जमिनीत पुरायचं होतं. ते परत मारुंजीला आलेच नाहीत. पावसाळ्यानंतर शंकरने येऊन सांगितलं की झोपेतच गेले. त्यामुळे तीच आमची शेवटची भेट, आणि तिच्यातलंही शेवटचं असं की टेम्पोपर्यंत गेलेले नाना पावण्याला हातांवर तसंच घेऊन परत वळले. मागे कंपन्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ते पायरीखाली येऊन उभे राहिले.

“ताई, केवढा आसतो त्यो डाग?”

“तिळाएवढा.”

त्यांनी मान हलवली. क्षणभर पावण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले. “मीबी बगितलं. न्हवता.”